पोलीस ठाण्यासाठी सरकारी निधी कसा आणायचा : सोलापूरच्या सीमेवरच्या गावांसाठी सविस्तर वाट

आमचं गाव दक्षिण सोलापुरात, भीमेच्या काठावर. पलीकडच्या तीरावर कर्नाटक. गावच्या वेशीवर लोखंडी खांब आहे आणि खांबावर चार कॅमेरे, चारही बंद. लोकवर्गणीतून ते बसवले तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. आठव्या महिन्यात वीजबिल थकलं आणि जोडणी तुटली. त्याच पावसाळ्यात नदीकाठच्या मोटारींच्या केबली एका रात्रीत कापून नेल्या. सकाळी सगळे खांबाखाली जमलो तेव्हा आमच्या ओळखीचे एक हवालदार म्हणाले, "मास्तर, कॅमेरा द्यायला कुणीबी येतंय. बिल भरायला कोण येतंय ते सांगा की."

तिथून मी या निधीच्या मागे लागलो. मी मास्तर नाही. आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे कागद कुठे अडतो एवढं कळतं. पोलिसांसाठी पैसा नाही, हे अर्धं खरं आहे. बऱ्याचदा पैसा असतो, पण आपण चुकीच्या दारात उभे असतो, चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या माणसाच्या सहीचा कागद घेऊन. कॅमेरे, गस्तीची गाडी, चौकी यांपैकी काही मागायचं असेल तर हा क्रम उपयोगी पडेल.

आधी ठरवा, 'सीमा' कोणाची

ग्रामसभेत हमखास एकजण उठतो : "आपण सीमेवरचं गाव. केंद्राचा सीमा सुरक्षेचा निधी आपल्याला का नाही?" याचं उत्तर एकदाच देऊन टाका, म्हणजे सहा महिने वाचतात. केंद्राच्या त्या योजना आंतरराष्ट्रीय सीमेसाठी आहेत. १९८६-८७ मध्ये सुरू झालेला सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम असो, २०२१ ते २०२६ साठी १३,०२० कोटी रुपये मंजूर झालेली सीमा पायाभूत सुविधा व व्यवस्थापन योजना असो, की २०२३ मधली व्हायब्रंट व्हिलेजेस, हा पैसा कुंपण, सीमारस्ते, चौक्या आणि शेजारी देशाला लागून असलेल्या गावांसाठी आहे. महाराष्ट्राची जमिनीवरची सीमा कुठल्याही परदेशाला भिडत नाही. भीमेपलीकडे इंडी, चडचण, अफझलपूर आहे. दिल्लीच्या हिशेबात ती सीमाच नव्हे.

दुसरा गैरसमज पोलीस आधुनिकीकरणाच्या निधीचा. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय. केंद्र मदत करतं, पण ती राज्याच्या वार्षिक कृती आराखड्यातून येते. २०२१ ते २०२६ साठीच्या एकूण २६,२७५ कोटींच्या छत्र योजनेत राज्य पोलिसांच्या आधुनिकीकरणाचा वाटा ४,८४६ कोटींचा आणि तोही सगळ्या देशात वाटायचा. बाकीचा मोठा भाग जम्मू-काश्मीर, ईशान्येकडील राज्ये आणि नक्षलग्रस्त भागासाठी होता. एका गावाच्या अर्जाला त्या आराखड्यात जागा नसते. निर्भया निधीतला सुरक्षित शहर प्रकल्प आठ महानगरांपुरता आहे, त्यात महाराष्ट्रातून फक्त मुंबई. सोलापूर नाही.

आणि नाका? 'सीमेवरचा नाका सक्षम करा' असं लिहून अर्ज देणारे मी पाहिलेत. सोलापूर-विजयपूर रस्त्यावर नांदणीला नाका उभारला गेला, तो परिवहन विभागाचा. दारू अडवायची ती राज्य उत्पादन शुल्कने. वाळूचा डंपर महसूलच्या अखत्यारीत. रात्रीची नाकाबंदी पोलिसांची. एकाच डांबरी रस्त्याचे चार मालक! तुमचं दुखणं कोणतं ते आधी ठरवा. चोऱ्या आणि गुन्हेगारांची ये-जा असेल तर पोलीस. वाळू असेल तर तहसीलदारांनाही स्वतंत्र कागद द्या, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

पैसा प्रत्यक्षात कुठून निघतो

मुख्य झरा जिल्ह्यातच आहे : जिल्हा वार्षिक योजना. १९९८ च्या कायद्याने जिल्हा नियोजन समिती आली. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. या योजनेच्या सर्वसाधारण भागातून पोलीस व तुरुंग विभागाच्या कामांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी ठेवता येतो. गाड्या, सीसीटीव्ही, संगणक, पोलीस ठाण्यातल्या सुविधा अशी कामं यातून होतात.

इथे सोलापूरची एक गंमत लक्षात घ्या. जिल्हा एक, नियोजन समिती एक, पण पोलीस घटक दोन. शहरात पोलीस आयुक्तालय : फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, एमआयडीसी, सलगर वस्ती ही ठाणी त्यांची. उरलेला जिल्हा सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांकडे, म्हणजे कोल्हापूर परिक्षेत्रात. मंद्रूप, वळसंग, अक्कलकोट दक्षिण, मंगळवेढा ही सीमेकडची ठाणी ग्रामीणची. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराने अधीक्षकांना आणि आमच्यासारख्याने आयुक्तांना अर्ज दिला, तर दोन्ही अर्जांचा प्रवास 'योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित' या शेऱ्यापाशी संपतो.

आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, खासदारांचाही ५ कोटी. तुमचा मतदारसंघ तपासून घ्या. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर-मंगळवेढा हे सोलापूर लोकसभेत येतात, तर सांगोला आणि करमाळा माढ्यात. या निधीतून कॅमेरे मागायचे असतील तर काम अनुज्ञेय यादीत बसतं का हे जिल्हा नियोजन कार्यालयात आधी विचारा आणि मगच शिफारसपत्र घ्या. उलटं केलं तर आमदारही खट्टू होतात आणि आपणही.

ग्रामपंचायतीचा पैसा लहान असतो, पण हाताशी असतो. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे २०२१ ते २०२६ मध्ये, ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधलेली आणि ४० टक्के अबंधित होती. कॅमेऱ्यांसारखं काम अबंधित भागातूनच सुचवता येतं आणि ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं असावं लागतं. आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. त्या दिवशी घरी बसलात तर पुढचं वर्षभर बसून राहा.

नवं पोलीस ठाणं, वाढीव मनुष्यबळ, कर्मचाऱ्यांची घरं हे जिल्ह्यात मागू नका. पदं आणि नवी ठाणी गृह विभाग मंजूर करतो, इमारती बहुतेक पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाकडून होतात. ठाण्याच्या आतले कॅमेरे हाही वेगळा विषय. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात ते सक्तीचे केले, त्यासाठी आपण वर्गणी काढायची गरज नाही.

गाडी मागताना एक सावधगिरी बाळगा. गाडी मिळते, पण चालक आणि डिझेल तिच्यासोबत येत नाही. ठाणेदाराला खासगीत विचारा, "साहेब, गाडी आली तर रात्री चालवायला माणूस आहे का?" उत्तर द्यायला ते थांबले, तर कॅमेऱ्यांकडे वळा.

रात्री फिरून या, मग आकडा काढा

बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं, 'गावात २० कॅमेरे बसवावेत.' वीसच का? कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही दुसऱ्या वेळी पोलीस पाटील, दोन तरुण आणि बीट अंमलदार (गावाचा भाग ज्याच्याकडे असतो तो पोलीस) असे रात्री अकराला निघालो. गावात येणारे रस्ते मोजले. डांबरी दोन, पाणंद एक, नदीकडे उतरणारी गाडीवाट एक. चोर आभाळातून येत नाही. या चार तोंडांवर प्रत्येकी दोन, म्हणजे आठ कॅमेरे पुरतात. देवळासमोर आणि सरपंचांच्या दारात कॅमेरा लावायचा मोह आवरा.

दोनपैकी एक कॅमेरा परिसर दाखवणारा, दुसरा नंबरप्लेट वाचणारा. हा फरक अंदाजपत्रकात लिहून घ्या, कारण साधा कॅमेरा रात्री हेडलाइटच्या झगमगाटात नंबर वाचू शकत नाही. प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याला वेगवान शटर लागतं आणि तो खांबाच्या टोकावर नाही, कमी उंचीवर, रस्त्याच्या रेषेत बसवावा लागतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि मागची प्लेट चिखलात बुडालेली असते. वाळूवाले तर मुद्दाम काळं फासतात. म्हणून कॅमेरा येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजू टिपेल असा लावा.

साठवणुकीचं गणित पुरवठादारावर सोडू नका. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण ४ मेगाबिटने चित्रण पाठवत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. तीस दिवसांचे जवळपास १,३०० जीबी, आणि आठ कॅमेऱ्यांचे १० टीबीच्या वर. आमच्या पहिल्या संचात लहान डिस्क होती. जेमतेम आठवडाभरात जुनं पुसलं जायचं. चोरी उघडकीला येते दहाव्या दिवशी आणि पुरावा गेलेला असतो सातव्या दिवशी.

वीज ही आमची खरी दुखरी नस. जोडणी शेतीच्या फीडरवर घेऊ नका, तिथे पाळीने वीज येते. गावठाण फीडरवरच घ्या. आठ कॅमेरे, रेकॉर्डर, नेटवर्कचं यंत्र मिळून १५० वॅटचा भार धरला तर महिन्याला १०८ युनिट होतात. हा आकडा ग्रामसभेच्या ठरावात लिहा : बिल कोण भरणार, कोणत्या खात्यातून. बॅटरी बॅकअप, अर्थिंग आणि विजेच्या कडकडाटापासूनचं संरक्षण अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर हवं. उन्हाळी वळवाच्या पहिल्याच पावसात किती रेकॉर्डर जळतात ते कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा.

अर्ज तुमचा, प्रस्ताव पोलिसांचा

मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवला, म्हणून जरा थांबून सांगतो. जिल्हा नियोजन समिती गावाला किंवा मंडळाला पैसे देत नाही. ती अंमलबजावणी यंत्रणेला देते आणि पोलिसांच्या कामात ती यंत्रणा म्हणजे अधीक्षक किंवा आयुक्त. आपण थेट जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला अर्ज फिरून अधीक्षक कार्यालयात येतो, तिथून ठाण्यात, आणि ठाण्यातून 'अहवाल सादर' म्हणून परत. तीन महिने गेले. त्यापेक्षा खालून सुरुवात करा.

पहिला कागद पोलीस ठाण्यात, प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे. बारनिशीला, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. अर्जात भावना कमी, नोंदी जास्त. आमचा मजकूर साधारण असा होता :

'मौजे अमुक येथे गावात येणारे चार रस्ते असून त्यांपैकी दोन राज्याच्या हद्दीकडे जातात. मागील तीन वर्षांत मोटार व केबल चोरीचे दाखल गुन्हे सोबतच्या तक्त्याप्रमाणे. बीट अंमलदारांसह केलेल्या संयुक्त पाहणीचा नकाशा जोडला आहे. वीजबिल व जागा देण्याबाबत ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून सीसीटीव्ही बसवण्याचा प्रस्ताव आपल्या स्तरावरून सादर व्हावा, ही विनंती.'

गुन्ह्यांचा तक्ता महत्त्वाचा. आमच्याकडे निम्म्या चोऱ्यांची फिर्यादच नव्हती. 'कोण कोर्टाच्या चकरा मारणार' म्हणून लोक गप्प बसतात आणि मग कागदावर गाव शांत दिसतं. शांत गावाला कॅमेरे कोण देणार? यापुढे केबल गेली तरी नोंद करा.

ठाण्यातून प्रस्ताव उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांमार्फत अधीक्षक कार्यालयात जातो. तिथे लेखा शाखा आणि बिनतारी विभाग अशी दोन टेबलं गाठा. बिनतारीवाले तांत्रिक तपशील बघतात, लेखावाले लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या सदराखाली पडणार ते. आपल्या प्रस्तावासारखे आणखी पाच-सात गावांचे प्रस्ताव एकत्र करून पाठवायचे का, हे तिथेच विचारा. एकट्या गावाच्या कामापेक्षा 'सीमावर्ती गावांसाठी' असं एकत्रित काम बैठकीत चटकन नजरेत भरतं. आम्ही शेजारच्या तीन सरपंचांना बरोबर घेतलं. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण केबल दोघांचीही गेली होती.

कॅलेंडर भिंतीवर लावा

पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी यंत्रणांकडून मागणी पावसाळा सरता सरता गोळा होते. डिसेंबर-जानेवारीत जिल्हा समितीची बैठक होते, मग राज्यस्तरावर वित्तमंत्र्यांकडे जिल्ह्याची मर्यादा ठरते आणि एप्रिलपासून नवं वर्ष. म्हणजे ठाण्यातला अर्ज गणपतीच्या आधी गेला पाहिजे. गणपती, नवरात्र आणि पुढे सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, या दिवसांत पोलीस बंदोबस्तात असतात आणि नस्ती, म्हणजे फाइल, टेबलावर झोपते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडची ठाणी तर विसराच.

आणखी एक खिडकी असते, ती फार कमी लोकांना माहीत असते. जानेवारी-फेब्रुवारीत ज्या विभागांचा निधी खर्च होणार नाही असं दिसतं, त्यांचा पैसा पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळवतात. तो ३१ मार्चपूर्वी मार्गी लावायचा असतो, म्हणून ज्याची नस्ती तयार त्याला मिळतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जागेचं ना हरकत, ग्रामसभेचा ठराव हे चारही कागद डिसेंबरअखेर जागेवर असतील तर या खिडकीतून आत जाता येतं. मात्र निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते. त्या वर्षी सगळं दोन महिने आधी धरा.

मंजुरीचा क्रम तोच : प्रशासकीय मान्यता, निधी वितरण, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून किंवा ई-निविदेतून खरेदी, कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे प्रत्येक चौकशीत तोच विचारतात.

बसवल्यानंतरचे पहिले तीस दिवस

निविदेत किमान तीन वर्षांची देखभाल आहे का, हे कार्यारंभ आदेशाआधी बघा. नंतर बघून उपयोग नसतो. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होण्यापूर्वी रात्री एक मोटारसायकल त्या रस्त्याने चालवत न्या आणि पडद्यावर नंबर वाचता येतो का ते पाहा. आम्ही पाहिलं. चारपैकी एका ठिकाणी वाचता आला नाही. कॅमेरा तीन फूट खाली आणून घेतला. सही आधी झाली असती तर तो तसाच राहिला असता.

रेकॉर्डर ग्रामपंचायतीत असेल तर कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली कुणाकडे हे नोंदवहीत लिहा. पुढाऱ्यांच्या पोरांना चित्रण बघायची हौस असते, बायाबापड्या कुठे जातात-येतात ते बघायला कॅमेरे नसतात. पोलिसांनी चित्रण मागितलं तर लेखी मागणी घेऊनच द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र नसेल तर न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा लटकतो. कोण देणार, नमुना कुठला, हे ठाण्यात विचारून आधीच ठरवा.

वर्गणीचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात रोख नेऊन देऊ नका, कितीही चांगल्या मनाने असो. द्यायचंच असेल तर ग्रामपंचायतीच्या खात्यात पावती घेऊन द्या आणि वस्तू हस्तांतरणपत्राने द्या. त्यावर जडवस्तू नोंदवहीचा (कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या वहीचा) क्रमांक पडला की पुढे दुरुस्तीचा खर्च दाखवता येतो. आमच्या पहिल्या चार कॅमेऱ्यांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, त्यामुळे ते कुणाचेच नव्हते.

प्रस्ताव अडलाच तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांत. पण 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं मोघम विचारू नका. जिल्हा नियोजन कार्यालयाकडे मागा : चालू वर्षात पोलीस विभागाला मंजूर कामांची यादी, प्रत्येकाच्या प्रशासकीय मान्यतेची तारीख, वितरित आणि खर्ची पडलेली रक्कम. अधीक्षक कार्यालयाकडे मागा : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आमचं अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. टिपणीच्या दुसऱ्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'वीजबिलाची हमी जोडलेली नाही.' ग्रामसभेचा ठराव आम्ही जोडला होता, पण त्यावर ग्रामसेवकांची सही राहिली होती.